पाळीवरची हाक

आधी माफी मागतो. देशाच्या संघाविषयी लिहायला निघालेल्या माणसाने निदान एक सामना तरी पाहिलेला असावा. मी पाहिलेला नाही. तरणतलाव म्हणतात तोही मी नागपुरात तारेच्या जाळीतूनच पाहिला, आणि त्यातलं निळं पाणी पाहून मला ते खरं वाटलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. वडील अजून अंगठा लावतात. तेव्हा लिहिण्याचा अधिकार मला कुठून आला, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसेन. पण ज्यांच्यामुळे मी शिकलो त्यांच्यातला एकजण त्या संघाबरोबर परदेशी गेला होता, आणि त्याच्या आईचा निरोप माझ्या गळ्यात पडला होता. ते कोणीतरी लिहून ठेवायला हवं. दुसरं कोणी लिहीलसं दिसत नाही, म्हणून मी लिहितो.

आमचं गाव नवेगाव बांधाच्या अलीकडे, एका जुन्या तलावाच्या काठावर आहे. आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले असं म्हणतात, आणि आम्ही त्या पाण्यावर धान पिकवतो. पण तलाव बांधणाऱ्यांच्या घरात पोहणारे फार निघाले नाहीत. पाण्याच्या आतलं काम ढिवरांचं. मासे त्यांचे, डोंगे त्यांचे, आणि तुडुमात उतरणंही त्यांचंच.

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडण्याचं दगडी तोंड. त्याची भोकं पाण्याखाली असतात आणि ती लाकडी दट्ट्यांनी बंद करतात. दट्ट्या फुगून अडकला की कोणालातरी खाली बुडी मारून तो उपटावा लागतो. दट्ट्या निघाला की पाणी एकदम खेचतं. माणूस बाजूला झाला तर ठीक, नाही झाला तर पाणी त्याला भोकावर दाबून धरतं. म्हणून माणूस खाली गेला की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे असलेले सगळे गप्प होतात. बायका पाळीवर येत नाहीत. घरात पाण्याने भरलेला गुंड, म्हणजे मोठा हंडा, तसाच झाकून ठेवतात, तो रिता करत नाहीत, आणि त्या घरची बाई भाताला शिवत नाही. मग माणूस बाहेर निघाला की पाळीवरून हाक येते, "निंगला वो, निंगला!" शेताशेतातून ती हाक पुढे देत देत घरापर्यंत पोचवतात. तेव्हा गुंडातलं पाणी अंगणात ओततात आणि भात रांधायला बसतात.

मी जिला मावशी म्हणतो ती नात्याने माझी कोणी नाही. ती ढिवरांच्या वस्तीतली, तलावाच्या टोकाला राहणारी. मी लहान असताना तिचा नवरा तुडुमात उतरला होता. पाळीवर एक म्हातारा होता, भला माणूस, नजर अधू झालेली. पाण्यातून एक काळं डोकं वर आलेलं त्याने पाहिलं आणि आनंदाने हाक दिली, "निंगला!" हाक घरी पोचली. मावशीने गुंड ओतला, भात टाकला, आणि तोंडात पहिला घास घातला. ते डोकं पाणकावळ्याचं होतं.

त्या म्हाताऱ्याला तिने कधी बोल लावला नाही, हे मला माझ्या आईने सांगितलं. फक्त त्यानंतर आमच्या गावात एक रीत पडली. ज्याने वर आलेल्या माणसाचं तोंड पाहिलं असेल त्यानेच हाक द्यायची. अंदाजाने नाही.

तिच्या मुलाला मी भाऊ म्हणत असे. माझ्यापेक्षा बराच मोठा. पुढच्या वर्गांची शाळा तलावापलीकडच्या गावात होती आणि पावसाळ्यात पाळीचा रस्ता नाल्याने तुटत असे. वडील म्हणाले होते, "चार महिने शाळा बुडते, मंग शिकून काय होते? धानात उतर." त्यांचंही चूक नव्हतं. तेव्हा मावशी आमच्या अंगणात, ओट्याच्या खाली उभी राहून म्हणाली, "पोट्टं माह्या पोराच्या डोंग्यात बसन. तुमाले काय तरास?" वडिलांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. मग भाऊ मला रोज डोंग्यातून पलीकडे नेऊ लागला. डोंगा म्हणजे कोरलेलं खोड, जरा हललं की कलंडतं. मी दप्तर पोटाशी धरून बसायचो. चढताना तो माझा हात पकडून वर ओढायचा, आणि त्याची पकड अशी की माझी बोटं कडकड वाजायची. मी ओरडलो की म्हणायचा, "वाजली म्हणजे आहेत. हरवली नाई." कधी लहर आली की स्वतः पाण्यात उतरून, डोंग्याचं टोक एका हाताने धरून पोहत न्यायचा, पाण्याचा आवाज न करता. त्याने माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. मी शाळेत शिकलेलं त्याला सांगायचो, ते तो ऐकायचा की नाही ठाऊक नाही.

पुढे तो कामठीला पलटणीत भरती झाला. तिथे साहेबांनी त्याचं पोहणं पाहिलं. पलटणीच्या संघातून तो पुढे कुठे कुठे खेळला, आणि स्वातंत्र्याला पाच वर्षं होत होती त्या उन्हाळ्यात निरोप आला की देशाचा वॉटरपोलोचा संघ जगातल्या देशांच्या खेळांसाठी समुद्रापलीकडे जातो आहे, आणि त्यात भाऊही आहे.

मी तेव्हा नागपुरात कॉलेजात इंटरला होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. गावात हा खेळ समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली. चावडीसमोर मी सांगितलं की दोन्ही बाजूंचे गडी पाण्यातच असतात, पाय टेकायचे नाहीत, आणि चेंडू समोरच्यांच्या जाळ्यात टाकायचा.

"जाळ्यात चेंडू?" एक ढिवर काका म्हणाले. "मासोळी नाई?"

"नाही."

"मंग जाळं ओलं कायले करतेत?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "म्हशी धुताना आपले पोट्टे तेच करतेत ना गा! त्याच्यासाठी विलायतेले जाऊन राहिला?" पण मागून एक म्हातारे म्हणाले, "हसा लेकहो. आपल्या तलावाचा माणूस देशाचं नाव घेऊन पाण्यात उतरून राहिला. तुमी उतरले कवा?" मग एकाने तिथल्या तिथे विडी विझवली.

मावशीने एकच विचारलं, "पाण्यात कोणत्या दिवशी उतरतेत?"

मी नागपुरात वर्तमानपत्रात वाचलेला दिवस सांगितला. मला त्यात काही वाटलं नाही. खेळाच्या त्या दिवशी धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, चालू होता. संध्याकाळी मी तिच्या घरावरून जात होतो तर चुलीजवळ भरलेला गुंड झाकून ठेवलेला दिसला, आणि ती लाखोळीच्या डाळीबरोबर कालची शिळी भाकर खात होती. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसात भात खात नाही असं माणूस नसतं. मला कळायला वेळ लागला.

"मावशी, हे तुडूम नाही," मी म्हणालो. "तिथं पाणी वाहत नाही. खेळ थोड्या वेळाचा असते. संपला की सगळे बाहेर येतेत."

"तुनं पाह्यलं का?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून ती भाकर मोडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू शयरात जाऊन राहिला ना बापू? तिथं पेपर येते. माह्या पोराची हाक तूच देजो."

मी हो म्हणालो. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

नागपुरात वाचनालयात मी रोज सकाळी वर्तमानपत्राच्या काठीला धरून उभा राहत असे. आपल्या हॉकीच्या संघाने पहिला नंबर मिळवला होता आणि पानं त्यानेच भरली होती. वसतिगृहात मुलांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. पाण्यातल्या खेळाची बातमी खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात होती. आपला संघ पहिला सामना मोठ्या फरकाने हरला. काही दिवसांनी पुन्हा तेवढीच ओळ, दुसरा सामनाही हरला, आणि आपला खेळ तिथेच संपला. खेळाडूंची नावं नव्हती. कोणी पाण्यात किती वेळ होतं, कोण कसं खेळलं, काहीच नव्हतं. माझ्या शेजारी वाचत असलेले एक गृहस्थ म्हणाले, "जायचंच कशाला म्हणतो मी?" मनात आलं की यांनी आमचा तलाव पाहिलेला नाही.

पोळ्याला घरी गेलो. आईने दारातच सांगितलं की मावशी रोवण्यात धानाच्या बांधीतच बसून गेली होती, दोन बायांनी धरून घरी नेली. "भाताशिवाय राहून राहिली अजून," आई म्हणाली. मग माझ्याकडे पाहत राहिली.

मी तसाच तिच्याकडे गेलो. गालाची हाडं वर आली होती. मी संघ हरल्याचं सांगितलं, दोन्ही सामने.

"हरला ते ऐकलं," ती म्हणाली. "हरते माणूस. निंगला का?"

"पेपरात ते लिहिलं नाही मावशी. पण खेळ संपला म्हणजे..."

"म्हणजे तुनं म्हटलं. पेपरानं नाई म्हटलं."

घरी आलो तर वडील बैलांना रंग लावत होते. ते माझ्यापेक्षा पुष्कळ सरळ माणूस आहेत. म्हणाले, "सांगून टाक ना गा, निंगला म्हणून. तो काय बुडते? तुह्यं काय जाते एका शब्दानं? बुढी मरन नाईतर."

गावातल्या आणखी दोघातिघांनी हेच सांगितलं. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम होतं. खरं तर मलाही वाटत होतं की भाऊ सुखरूप असणार, यात शंकाच कसली? संध्याकाळी मी पाळीवर जाऊन उभाही राहिलो. पलीकडे पाणकावळे पंख वाळवत बसले होते. त्यांच्याकडे पाहून मला हाक देता येईना. ज्या बाईला एकदा चांगल्या मनाने खोटी हाक मिळाली होती तिला मी दुसऱ्यांदा कशी देणार? मी परत आलो. वडील रागावले नाहीत. म्हणाले, "मंग जा अन् पाहून ये. कोणतरी पाह्यलं असन." आणि दुसऱ्या दिवशी मला छोट्या आगगाडीवर बसवून द्यायला स्वतः आले. त्यांचा हा उपकार मी विसरलेलो नाही.

नागपूरला पोचल्यावर मी कामठीला गेलो. छावणीच्या फाटकावर शिपायाने मला आत सोडलं नाही, आणि सोडलं असतं तरी काय विचारायचं हे मला नीट सांगता येत नव्हतं. माझं हिंदी गोंदियाच्या बाजारात शिकलेलं. मी म्हणालो, "हमारे गाँव का डोंगेवाला आदमी पानी में खेलने गया है. वो पानी से निकला क्या, ये पूछना है." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं की उन्हाने माझं डोकं फिरलं. पण हसला नाही. म्हणाला, "कहाँ रहते हो?" मी वसतिगृहाचा पत्ता सांगितला आणि परत आलो. आशा ठेवली नव्हती.

बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, वसतिगृहाच्या दाराशी सायकलची घंटी वाजली. एक जवान उभा होता, घामाने भिजलेला. तोच फाटकावरचा शिपाई असेल असं वाटलं, पण हा दुसराच होता. सुट्टीहून मुंबईमार्गे परत आला होता, आणि फाटकावरच्या त्या शिपायाने माझा विचित्र प्रश्न सगळ्या बराकीला सांगून ठेवला होता.

"वो डोंगेवाला आपका ही आदमी है ना?" तो म्हणाला. "बम्बई में उतर गया. मैं मिला उससे."

मी विचारलं, "मुँह देखा?"

"अरे भाई, मुँह नहीं तो क्या जूता देखा?" तो हसला. मग उजवा हात पुढे करून बोटं हलवत म्हणाला, "हाथ मिलाया उसने. उंगलियाँ अभी तक चटक रही हैं."

मला त्या माणसाला चहा तरी पाजायला हवा होता. ते सुचलंच नाही. मी त्याचे दोन्ही हात धरून नुसता उभा राहिलो. तो म्हणाला, "क्या हुआ? भाई है?" मी हो म्हणालो.

मी त्याच संध्याकाळी निघालो. गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि बायका निंदणाला वाकलेल्या होत्या. मी सरळ पाळीवर गेलो. आयुष्यात मी कधी कोणाला मोठ्याने हाक दिली नव्हती. वर्गात प्रोफेसरांना उत्तर देतानाही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. पहिली हाक माझ्या मलाच ऐकू आली. दुसऱ्यांदा मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "निंगला वो, निंगला!"

जवळच्या बांधीतल्या बाईने मान वर केली, कोण ओरडतं आहे ते पाहिलं, आणि पुढे हाक दिली. मग पुढच्या बांधीतून आली. मग तलावाच्या टोकाकडून. मला इतकं बरं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मावशी काठी टेकत दारात आली. हाक ऐकून तिने गुंडाला हात लावला नव्हता. माझी वाट पाहत होती.

"तोंड कोणं पाह्यलं?"

"पलटणीतल्या एका जवानानं. मुंबईत. हात मिळवला त्याच्याशी."

"अन्?"

"बोटं वाजली म्हणे त्याची. अजून वाजतेत म्हणे."

माझा उजवा हात तिने घेतला आणि बोटांवरून हात फिरवला. बोटं वाजली की मी ओरडायचो ते पलीकडच्या काठापर्यंत ऐकू यायचं, हे तिला माहीत होतं. मग म्हणाली, "त्याचाच हात आहे. लायनपणापासून तसाच पकडते, मेला." आणि आत जाऊन दोन्ही हातांनी गुंड उचलला. मी धरायला गेलो तर म्हणाली, "सरक." सगळं पाणी अंगणात ओतलं. माझे पाय भिजले.

त्या दिवशी मी तिच्या घरी भात जेवलो. आमच्या घरातलं कोणी तोवर तिथे जेवलेलं नव्हतं. ती वाढताना एकदा थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताट पुढे केलं. झिंग्यांची भाजी होती. घरी आल्यावर आईने विचारलं, "जेवून आला?"

"हो."

"पोटभर?"

"हो."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि आत गेली.

भाऊ दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, रजेवर आला. आमच्याकडे मंडईच्या दिवशी सगळ्या गावांतून माणसं लोटतात आणि रात्री दंडारीचं नाटक असतं, पण मला त्यात लक्ष नव्हतं. दुपारी तो म्हणाला, "चाल, पलीकडे जाऊन येऊ." मी डोंग्यात चढताना त्याने हात दिला. बोटं वाजली. आता मी ओरडत नाही.

तलावाच्या मध्यावर गेल्यावर मी विचारलं की खेळ कसा झाला. भाऊ वल्हवत म्हणाला की तो एकदाही पाण्यात उतरला नाही. तो राखीव होता. दोन्ही सामन्यांत काठावर टॉवेल घेऊन बसला होता. समोरचे गडी झाडासारखे उंच होते, आपल्यांचा चेंडू त्यांच्या हाताखालून जाईना. तरी आपल्यातल्या एकानेही पाणी सोडलं नाही, शेवटच्या शिट्टीपर्यंत. पाणी थंड होतं, ओठ निळे पडले होते. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

भाऊ लाजला. इतक्या वर्षांत मी त्याला लाजताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, "सवयच आहे ना गा आपली. एकेक वर यायचा, मी टॉवेल टाकायचो अन् तोंड पाहून ओरडायचो, निंगला! कलकत्त्याचे पोट्टे पहिल्या दिवशी हसले, क्या बोलता है म्हणून. दुसऱ्यांदा हरलो तवा कोणी हसलं नाई. वर आलेले तेही माह्यासंगं ओरडून राहिले, मागच्यासाठी."

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी," भाऊ म्हणाला. "आपले सगळे निंगले."